साधा डोनट मिळेल का?

नवं डोनटचं दुकान उघडलं की माझ्या पोटात गोळा येतो. डोनटशी माझं वाकडं नाही. यीस्टनं फुगलेल्या पिठाचं कडं, तेलातून नुकतंच निघालेलं, वरचा साखरेचा पाक अजून ओला, बोट टेकलं तर ठसा उमटेल असा. यात आणखी काय करायचं राहिलं? पण या मंडळींना राहवत नाही. वर बिस्किटांचा चुरा, त्यावर पॉपकॉर्न, त्यावर चॉकलेटची अख्खी वडी, आणि बाजूला खुपसलेली सॉसची प्लॅस्टिकची नळी. बिचारा सलाईन लावलेल्या पेशंटसारखा दिसतो. मधलं भोक आतला भाग कच्चा राहू नये म्हणून असतं, पण आता त्यातही आइस्क्रीमचा गोळा बसवतात.

माझी भाची या विषयातली जाणकार. "मामा, दुपारी गेलं तर संपलेले असतात," म्हणून ती मला भल्या सकाळी रांगेत उभं करते. मागचा गृहस्थ विचारतो, इथे काय विशेष मिळतं? मी पुढच्याला विचारतो. तो खांदे उडवतो. तरी हलत कुणीच नाही, कारण एवढी रांग आहे म्हणजे काहीतरी असणारच!

तमाशा जुनाच आहे म्हणा. १९२० साली न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅडॉल्फ लेविट यांनी डोनटचं यंत्र काढलं, तेव्हा ते चालताना बघायलाही गर्दी व्हायची. पण त्या लोकांना निदान गरम डोनट तरी मिळत असेल. २०१३ मध्ये त्याच शहरात डॉमिनिक आन्सेल यांनी क्रॉसाँ या फ्रेंच पावासारखं पदरांचं पीठ तळून क्रोनट आणला. तो करायला तीन दिवस, आणि माणशी मोजकेच. लोक पहाटेपासून ताटकळायचे, काहीजण तर पैसे देऊन दुसऱ्याला उभं करायचे. हा धंदा मला कुणी वेळेवर सुचवला असता तर!

त्याआधी कपकेकचा जमाना होता. क्रम्ब्ज ही अमेरिकेतली कपकेकवाली कंपनी २०११ मध्ये शेअर बाजारात उतरली आणि जुलै २०१४ मध्ये तिनं एकजात सगळ्या दुकानांना कुलूप लावलं. २०२० मध्ये दुधावर फेस घालून प्यायची डालगोना कॉफी फेटता फेटता घरोघरी मनगटं गळून पडली. ती आजही करून पितो म्हणणारा माणूस मला भेटायचाय.

असो. आमचा नंबर लागतो, खोकं हातात येतं, तरी खायचं नसतं. आधी खोक्याचा फोटो. मग उजेडात नेऊन डोनटचा. मग मी तो दोन्ही हातांनी फोडायचा, आतलं क्रीम ओघळायला हवं, आणि ओघळताना माझा चेहरा मध्ये येता कामा नये. "मामा, हळू! परत करा." परत करायला दुसरा डोनट फोडावा लागतो. तोवर पाक थिजून त्याचे पापुद्रे शर्टावर पडायला लागलेले असतात, आणि क्रीम मनगटावरून कोपराकडे निघालेलं असतं.

परवा धीर करून काउंटरवरच्या मुलाला विचारलं, "साधा मिळेल का रे? वर काही नसलेला?"

त्यानं स्क्रीनवर बोट फिरवलं. "प्लेन पुढच्या महिन्यात येतोय सर. लिमिटेड एडिशन. बुकिंग करावं लागेल."

भाचीनं माझ्या नावानं करूनही टाकलं.