राक्षसाचे गाऱ्हाणे

गणपतीला मुंबईहून मालवणजवळच्या आमच्या घरी आलेल्या नऊ वर्षांच्या भाच्याने यंदा पिशवीतून फटाक्यांऐवजी पाच फासे आणि दोन राक्षस काढले. दोघांनी खेळायचा खेळ होता. प्रत्येकाच्या राक्षसाला तीस प्राण. आपल्या पाळीला पाच फासे जास्तीत जास्त तीन वेळा टाकायचे, हवे ते बाजूला ठेवायचे, जितके आकडे जुळतील तितके घाव समोरच्यावर घालायचे, आणि पाचही जुळले तर दहा प्राण एकदम. ऋग्वेदाच्या 10व्या मंडलातील 34व्या सूक्तात जुगाऱ्याला फासे सोडून शेती करण्याचा सल्ला दिलेला आहे. परंतु आमची लावणी केव्हाच आटोपली होती आणि कापणीला अवकाश होता, त्यामुळे ती सबबही माझ्या हाताशी नव्हती.

पहिली अडचण जमिनीची निघाली. वीज गेल्यामुळे आम्ही उजेडासाठी पडवीत बसलो होतो आणि पडवी नुकतीच शेणाने सारवलेली होती. अशा जमिनीवर फासा लोळत नाही. तो पडतो तिथेच, गिरणीतून थकून आलेल्या माणसासारखा, बसून राहतो. म्हणून आईने सुपाऱ्या वाळवायचे सूप दिले. सुपात फासे उत्तम लोळतात, फक्त आईच्या हाताला सवय असल्यामुळे ती मधूनच सूप उचलून पाखडते, आणि त्या फेकीचा आकडा कोणाच्या नावावर मांडायचा, याविषयी नियमपुस्तक मौन बाळगते.

पाचही फासे एकाच फेकीत सारखे पडण्याची शक्यता 1296 मध्ये एक असते आणि तीनही फेकी वापरल्या तरी ती 5 टक्क्यांपर्यंत पोहोचत नाही, हे मी भाच्याला कागदावर मांडून दाखवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि पाच चौके टाकले. माझा तीन डोक्यांचा राक्षस वीस प्राणांवर आला, मग चौदावर, मग सातावर.

एवढ्यात आईने माझ्या राक्षसाच्या माहितीचे पान हातात घेऊन चष्म्याखाली धरले. “ह्यो खंयच्या झाडार रवता?” तिने विचारले. पानावर प्राण होते, बळ होते, अग्नी ओकण्याची सोय होती. झाड मात्र लिहिलेले नव्हते. आईला हे फार चमत्कारिक वाटले. आमच्या देवचाराच्या, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या भुताच्या, प्राणांची मोजदाद कोणी केलेली नाही, पण त्याची जागा, त्याची हद्द आणि त्याला वर्षाकाठी काय द्यायचे हे घरातल्या पोरालाही ठाऊक असते. त्याच्याशी लढावे असे आमच्या सात पिढ्यांत कोणाच्या मनात आलेले नाही. नारळ ठेवावा, चुकले असेल तर कबूल करावे आणि वाटेला लागावे. या खेळात दोन राक्षस समोरासमोर उभे असताना तडजोडीचे एकही कलम नसावे, हे ज्याने तो रचला त्याला कोकणचा वारा लागला नसल्याचे लक्षण आहे.

आईने मग पदर सावरून गाऱ्हाणेच घातले. “बा देवा रामेश्वरा म्हाराजा, ह्या माज्या झिलाच्या राक्षसाक जरा बळ दी रे म्हाराजा!” माजघरातून बहिणीने आणि भावजयीने सवयीने “व्हय म्हाराजा” म्हटले. मला तीन छक्के पडले.

भाच्याने हरकत घेतली. त्याने नियमपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासले; गाऱ्हाण्याला मनाई कुठेच नव्हती. तेव्हा त्याने, मुंबईत वाढलेल्या मुलाला शोभेल असा व्यवहारी मार्ग काढून, “आजी, आता माझ्यासाठी पण घाल,” अशी मागणी केली. मुलापेक्षा नातू जवळचा. त्याच्यासाठी तिने रामेश्वरापाठोपाठ रवळनाथालाही बोलावले, आवाज दोन घरे ओलांडून गेला आणि शेजारच्या पडवीतूनही “व्हय म्हाराजा” आले.

पाच पंजे पडले. हरलेल्याने फासे गोळा करून डब्यात भरायचे, असा नियम असल्याचे भाच्याने तेव्हाच जाहीर केले. चार मिळाले, पाचवा आईने सुपाऱ्यांबरोबर पाखडला होता आणि तो मी अंधारात कंदील घेऊन चतुर्थीच्या आरतीपर्यंत शोधत होतो.