खोबरेल, कात्री आणि मार्चमधला झिरो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लांब केसांच्या छोट्या कुत्र्यांच्या जटांवरील लेखाखाली तुम्ही मुद्देसूद आणि सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही तसंच हवं.

इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात: रोजचा कंगवा म्हणजे फाजील लाड, 'पूर्वी कुत्र्यांना कोण विंचरत बसायचं?' जट खोबरेल चोळून मऊ करावी आणि मध्ये कंगवा धरून कात्रीने कापावी. तुमचा ग्रूमर (कुत्र्यांचे केस कापून आंघोळ घालून देणारा) आधी आंघोळ घालतो, मग आम्ही 'जट असताना आंघोळ नको' असं का लिहितो? दरवर्षी मार्चमध्ये झिरो मारला, म्हणजे अंगभर केस अगदी त्वचेपर्यंत उतरवले, की प्रश्न मिटतो. आणि शेवटी, तुमच्या ल्हासा अप्सोच्या एका कानामागे आत्ता दोन गाठी आहेत, त्यांचं काय करायचं?

आधी कात्री. बाकीच्या चुकांमध्ये केस जातात, इथे कातडी कापली जाते.

जट मुळाशी घट्ट होत जाते आणि आवळताना खालची त्वचा वर ओढून घेते. कुत्र्याची त्वचा आपल्यापेक्षा पातळ असते, आणि काखेत, जांघेत, कानामागे तर ती मुळातच सैल असते. आपण चिमटीत जट धरून उचलतो तेव्हा त्या त्वचेची घडी जटेच्या आत शिरते. बाहेरून सगळे केसच दिसतात. त्यात तेल चोळलेलं असेल तर कुठे केस संपले आणि कुठे कातडी सुरू झाली हे बोटांनाही लागत नाही. अशा कापाला बहुतेक वेळा टाके पडतात आणि त्यासाठी गुंगी द्यावी लागते. कानाच्या कडेला जी दुहेरी घडी असते, तीही अशीच कापली जाते. मध्ये कंगवा धरण्याचा उपाय ऐकायला बरा वाटतो. पण कंगवा त्वचा आणि जट यांच्यामधून खरोखर आरपार जात असेल तर ती जट बोटांनी सुटण्याजोगी आहे, कात्री लागतच नाही. आणि जात नसेल तर तो धरणार कुठे?

न सुटणारी जट काढायची ती क्लिपरने, म्हणजे कुत्र्यांचे केस कापायच्या मशीनने, 10 नंबरच्या ब्लेडने. हे ब्लेड साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. त्याचे दात जवळजवळ असल्यामुळे त्यांच्यात त्वचा शिरत नाही. 'थोडे लांब केस राहावेत' म्हणून लोक 7 नंबरचं विरळ दातांचं ब्लेड लावतात, आणि नेमकी त्याच फटीत कातडी अडकते. ब्लेड त्वचेवर आडवं टेकवायचं, दुसऱ्या हाताने त्वचा ताणून सपाट करायची आणि जटेच्या खालून हळूहळू सरकवत न्यायचं. जट वर ओढायची नाही. दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. तिथे चटका बसला तर कुत्र्यालाही बसतोय. दाढीचा ट्रिमर या कामाचा नाही. दाट केसांत तो अडकतो, तापतो आणि केस ओढतो.

खोबरेलाबद्दल. तेलाने केस घसरतात हे खरं आहे, आणि नुकत्या पडलेल्या गाठीवर दोन थेंब लावून ती लगेच सोडवली तर काही बिघडत नाही. बिघडतं ते तेल चोळून 'मुरायला' ठेवल्यावर. तेलकट केसांत धूळ बसते, गळलेले केस चिकटून राहतात, कुत्रा चाटत सुटतो आणि पोटात जास्त तेल गेलं की जुलाब होतात. मग तेल काढायला दोनदा शाम्पू करावा लागतो, आणि तेवढ्यात जट दोनदा भिजते. कोरड्या गाठीसाठी चिमूटभर कॉर्नफ्लोर बरं: गाठीत बोटांनी मुरवायचं, केस एकमेकांवरून सरकू लागतात, आणि नंतर विंचरताना ते झडून जातं. क्लिपर वापरायचा असेल तर मात्र तेल नको आणि कॉर्नफ्लोरही नको.

आता आंघोळ. तुमचा सगळ्यात रास्त आक्षेप हाच, कारण ग्रूमर खरोखरच आधी आंघोळ घालतात.

केसाच्या पृष्ठभागावर एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोकं एकाच दिशेला असतात. पाण्याने केस फुगतो, खवले उचलले जातात, आणि अशा अवस्थेत चोळलं की केस एकमेकांत एकाच दिशेने सरकतात, मागे येत नाहीत. आपल्याकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीची जेन, म्हणजे न विणलेलं जाड अंथरूण, याच तत्त्वावर बनते. तिला माग लागत नाही. लोकर पसरायची, भिजवायची, गुंडाळून दाबत राहायचं. टबात शाम्पू लावून जटेवर गोल गोल हात फिरवणं म्हणजे कुत्र्याच्या अंगावर जेन बनवणं. शिवाय आत शाम्पू राहतो, तो धुतला जात नाही. आतला ओलावा दिवसभर सुकत नाही. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, तो दुसऱ्या दिवशीही तसाच असतो. त्या ओल्या जागी त्वचा लाल होते, चिघळते, वास येतो. जखम झाकलेली राहिली तर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात.

मग ग्रूमरचं कसं निभावतं? त्यांच्याकडे झोताचा ब्लोअर असतो. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांवर तो जवळून मारला की हवेच्या दाबाने सैल गाठी मुळापासून फाकतात आणि पाणी बाहेर फेकलं जातं. घरचा हेअर ड्रायर हवा तापवतो, पण त्याच्या झोतात गाठ फाकवण्याएवढी ताकद नसते. आणि अनुभवी ग्रूमरसुद्धा अंगभर जटांचं कुत्रं आलं तर आधी क्लिपर चालवतो, मग पाण्याखाली घेतो. तेव्हा ग्रूमरचा क्रम चुकीचा नाही. तो क्रम ब्लोअरशिवाय घरी आणणं चुकीचं आहे. घरी आंघोळ घालायची ती कंगवा सगळीकडून मुळापासून फिरल्यावरच. शाम्पू केसांच्या दिशेने वरून खाली दाबत लावायचा, टॉवेलने दाबून पाणी टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही, आणि ड्रायर सर्वात कमी उष्णतेवर ठेवून विंचरत विंचरत मुळापर्यंत सुकवायचं.

मार्चमधल्या झिरोला सरसकट विरोध नाही. ल्हासा, शिह त्झू, माल्टीज यांचे केस सतत वाढत राहतात. कापले की परत येतात. ज्या घरात रोज विंचरायला वेळ नाही तिथे एक ते दीड सेंटिमीटरचा आखूड कट, दर चार ते सहा आठवड्यांनी, हा अगदी शहाणा निर्णय आहे. अंगभर जटा असतील तेव्हा पूर्ण उतरवणं हीच दया. चार तास ओढाताण करून 'केस वाचवले' म्हणण्यात अर्थ नाही. अडचण आहे ती 'गारवा मिळावा म्हणून झिरो' या समजुतीत. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. आखूड नाकाच्या जातींना उन्हाळ्याचा त्रास होतो तो त्या नाकामुळे, आणि केस उतरवल्याने नाक लांब होत नाही. उघडी पडलेली गुलाबी त्वचा मात्र उन्हात भाजते. आणि हे वाचून कुणी पॉमेरियनला झिरो मारू नका. त्यांना आतला मऊ आणि वरचा राठ असे दोन थर असतात. अगदी खाली उतरवल्यावर काहींचे केस कित्येक महिने येत नाहीत, येतात ते विरळ किंवा वेगळ्याच पोताचे.

शिवाय मार्चमध्ये झिरो मारलेल्या ल्हासाचे केस जून-जुलैपर्यंत चांगले वाढलेले असतात, म्हणजे ऐन पावसात पुन्हा जटांना पुरेशी लांबी. वर्षातून एकदाच कापायचं असेल तर मार्च ही त्यासाठी सर्वात गैरसोयीची वेळ.

'पूर्वी कोण विंचरायचं' याचं उत्तर जातीत आहे. गावठी कुत्र्याचा आखूड केस गळला की जमिनीवर पडतो. ल्हासाचा गळलेला लांब केस अंगावरच्या केसांत अडकून राहतो आणि तोच जटेचा गाभा बनतो. त्याला घासण आणि ओल मिळाली की गाठ तयार. म्हणून जटा ठरलेल्या जागीच येतात: कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी, बोटांच्या बेचक्यात, आणि पाणी पिऊन ओली राहणारी दाढी. साधारण वर्षाच्या आसपास पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्याचे येतात, तेव्हाचे काही महिने सगळ्यात वाईट असतात. पुष्कळ लोक नेमके तेव्हाच 'याला विंचरलेलं आवडत नाही' असं ठरवून सोडून देतात.

रोजचं काम दहा मिनिटांचं आहे, पण ते मुळाशी व्हायला हवं. बहुतेक घरांत ब्रश फक्त वरून फिरतो. वरचे केस रेशमी दिसतात आणि खाली चटईसारखा थर बसत जातो. पद्धत अशी: कुत्र्याला कुशीवर झोपवा. पाव लिटर पाण्यात एक चमचा कुत्र्यांचं कंडिशनर घालून स्प्रे करा, केस दमट होतील इतपतच. हे मिश्रण आठवड्याने फेकून नवं करा. पोटाकडून सुरुवात करून एका हाताने वरचे केस वर दाबून धरा, खाली एक सेंटिमीटरची पट्टी सोडा, ती स्लिकर ब्रशने (बारीक, वाकड्या तारांच्या ब्रशने) विंचरा, मग पुढची पट्टी, असं पाठीच्या कण्यापर्यंत. प्रत्येक पट्टीत त्वचेची रेघ दिसली पाहिजे. नंतर स्टीलचा कंगवा, अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असलेला. ब्रशने काम होतं, झालं की नाही ते कंगवा सांगतो. स्लिकर किती जोरात दाबायचा हे स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून ठरवा. एकाच जागी घासत राहिलं तर त्वचेवर लाल ठिपके उठतात, आणि मग कुत्रा ब्रश बघूनच पलंगाखाली जातो. त्याला लाड नको असतात असं नाही, दुखलेलं असतं.

केस लांब ठेवायचे असतील तर एक युक्ती करा: काखा, जांघा आणि गुदद्वाराभोवतीची जागा ग्रूमरकडून 10 नंबरने कायम साफ ठेवा. बाहेरून काहीच दिसत नाही आणि जटांच्या निम्म्या जागा जातात. हार्नेस घरात काढून ठेवा. पावसातून आल्यावर पाय आणि पोट टिपून, सुकवून लगेच कंगवा फिरवा. पाऊस सरल्यावर गवत वाळतं तेव्हा बेचक्यांत आणि कानांत कुसळं बघा. कुसळ केसांत अडकून गाठ करतंच, शिवाय त्वचेत घुसून आत सरकत जातं.

आता तुमच्या दोन गाठी. आधी तो कान उलटून आत बघा आणि वास घ्या. गाठी एकाच कानामागे आहेत, म्हणजे तो तिथेच खाजवत असण्याची शक्यता मोठी. आत लाली, तपकिरी मळ किंवा आंबूस वास असेल तर गाठींना हात न लावता डॉक्टरांकडे जा. दुखऱ्या कानाशी ओढाताण केली तर तो चावेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

कान स्वच्छ असेल तर कंगव्याचा शेवटचा दात गाठ आणि त्वचा यांच्यामध्ये सरकतो का बघा. सरकला तर गाठीवर स्प्रे किंवा कॉर्नफ्लोर घ्या, मुळाशी केस दोन बोटांत घट्ट धरा म्हणजे ओढ त्वचेला बसणार नाही, आणि गाठ कापसासारखी उभी फाडत तिचे तीन-चार भाग करा. मग कंगव्याच्या टोकाने, आधी गाठीचं बाहेरचं टोक, मग थोडं आत, असं सोडवत मुळाकडे जा. मुळापासून सुरुवात केलीत तर सगळा गुंता पुढे ढकलून आणखी आवळेल. एका बैठकीला एकच गाठ, दहा मिनिटं, दुसरी उद्या. पट्टा त्या दोन दिवसांत काढून ठेवा.

दात सरकला नाही तर क्लिपर, आणि कानाशी सवय नसेल तर ग्रूमर. त्याला सांगा की या गाठींपुरतंच उतरव. घरी आल्यावर एक-दोन दिवस कानावर लक्ष ठेवा. घट्ट जट निघाल्यावर कानाला खाज सुटते, कुत्रा डोकं जोरजोरात झटकतो आणि कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुग्यासारखी सुजते. झटकणं थांबत नसेल तर पायमोज्याचा पुढचा भाग कापून उरलेली नळी डोक्यावरून कानांवर सैल चढवा, गळ्याशी दोन बोटं सहज जातील अशी. पाळी फुगलीच तर सुईने टोचू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि काहीही करताना त्याला शांत ठेवायला आपल्या घरातली झोपेची गोळी देऊ नका. गुंगी लागणार असेल तर किती आणि कोणती ते डॉक्टर ठरवतील, विशेषतः आखूड नाकाच्या कुत्र्याला.