स्वस्त तळमजला का स्वस्त आहे तेही लिहा

"लोटे एमआयडीसीत नोकरी असेल तर चिपळूण बाजारपेठेत तळमजला घ्या, भाडं कमी पडतं" हे वाचून कपाळावर हात मारला. अहो, कमी का पडतं ते पण लिहा ना! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी पेठेत घुसलं तेव्हा तळमजले बुडाले, आमचा फ्रीज तरंगत दारात येऊन अडकला, नंतर कपाटातला गाळ खरवडून काढला आणि मालक डिपॉझिटचं नाव काढेना. खोली बघायला गेलात की मालकाला नको, समोरच्या किराणावाल्याला विचारा पाणी कुठवर आलेलं, तो भिंतीवर हात ठेवूनच दाखवेल.

आणि परशुराम घाट विसरलात वाटतं? चिपळूणातून लोट्याला तोच चढून जायचं, पावसाळ्यात दरड आली की फर्स्ट शिफ्टचा खाडा ठरलेला.