गोळीला भ्यायचं तरी कसं?

पुरे झालं आता! परवा सिनेमात पुन्हा तेच. हिरोच्या हातात सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर, आणि मी मोजल्या, अकरा सुटल्या. मधे भरल्या कधी? ग्लॉक पिस्तुलाला बाहेर मागे ओढायचा घोडा (हॅमर) नसतोच, तरी रोखलं की ‘खटॅक’! कुठून येतो तो आवाज? सायलेन्सर लावला की नुसतं ‘फुस्स’. अरे, बार असतो 150-160 डेसिबलचा. सायलेन्सर त्यातले 20-30 कमी करतो. उरलेल्यानेही कानठळ्या बसतात! आणि गाडीच्या दारामागे काय लपता? रायफलची गोळी त्या पत्र्यातून आरपार जाते.

गेममध्ये तर डोक्यात सात गोळ्या घातल्या तरी समोरचा धावतोच, वर किती इजा झाली त्याचे आकडे उडतात. मग गोळीची भीती वाटणार कशी?

बरं, जमत नाही असंही नाही! 1995च्या ‘हीट’ या हॉलिवूडपटात दिग्दर्शक मायकेल मानने लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर चित्रीकरणावेळी रेकॉर्ड झालेले बारच ठेवले. उंच इमारतींवर आदळून परत येणारा तो कडकडाट ऐकला की मी आजही अंग चोरतो. तिथे मॅगझिनमधल्या गोळ्या संपतात, ते बदलावं लागतं, तेवढा वेळ जोडीदार मारा चालू ठेवतो. तीस वर्षं झाली त्याला. इतरांना एवढंही जमू नये?