वायरी उलटवून मायक्रोवेव्हची थाळी उलटी फिरत नाही

दावा असा: मायक्रोवेव्हची काचेची थाळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे फिरते, म्हणजे मोटर बिघडली, तिच्या दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा कायमची ठरते.

"वायरी बदला, दिशा बदलेल." हे खरं आहे, पण दुसऱ्या मोटरींबाबत. विहिरीवरच्या थ्री-फेज पंपाचे कोणतेही दोन फेज बदलले की तो उलटा फिरतो. थाळीखालची मोटर मात्र सिंगल-फेज सिंक्रोनस (विजेच्या लयीवर फिरणारी), साधारण ३-४ वॅटची, एकाच कॉइलची. तिथे वायरी बदलणं म्हणजे तेच बटण विजेच्या एका अर्ध्या सायकलने, १/१०० सेकंद उशिरा दाबणं.

"दिशा बदलते म्हणजे बिघाड." मुळीच नाही. एका कॉइलचं चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होतं. आत चुंबकाचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, असतो. तो बंद होताना कुठे थांबला आणि चालू करताना एसी, म्हणजे उलटसुलट वाहणाऱ्या विजेची, लहर कुठे होती, यावर पहिला झटका कुठल्या बाजूला बसेल ते ठरतं. एकदा लय सापडली की तो तसाच फिरतो. भांडं भिंतीला अडलं तर मागे उसळून उलटाही फिरू लागतो. अन्न गरम व्हायला दोन्ही दिशा सारख्याच. कूलरच्या स्विंगलाही फरक पडत नाही, कारण तिथे क्रँक असतो: मोटर कुठेही फिरो, तो झडपा इकडून तिकडेच हलवतो.

दिशा हवीच असेल, उदाहरणार्थ टायमरमध्ये, तर आत एक छोटी खिट्टी बसवतात: चुकीच्या बाजूने निघालेला रोटर तिला आपटून परततो. खिट्टी झिजली की टायमर अधूनमधून उलटा चालतो. तिथेही वायरी बदलून उपयोग नाही. दोन कॉइल आणि कपॅसिटर असलेल्या मोटरीत सप्लाय कपॅसिटरच्या दुसऱ्या टोकाला दिला की दिशा खरोखर बदलते.

"व्होल्टेज कमी, म्हणून थाळी हळू." नाही, वेग फ्रीक्वेन्सीवर, म्हणजे वीज सेकंदाला किती सायकल पूर्ण करते त्यावर, ठरतो. १२ पोलच्या (चुंबकीय टोकांच्या) रोटरला ५० हर्ट्झवर मिनिटाला ५०० फेरे. १००:१ गिअरनंतर ५. लेबलवरचं '५/६ आरपीएम' म्हणजे ५० हर्ट्झला ५, ६० ला ६. व्होल्टेज पडलं तर जोर घटतो. मग मोटर त्याच वेगाने फिरते, नाहीतर गुणगुणत थरथरते.

थाळी थरथरत असेल तर आधी चाकांच्या रिंगखालचे अन्नकण काढा, मधला प्लास्टिकचा कपलर झिजलाय का पाहा. नवी मोटर घेताना व्होल्टेज वाचा: काही २३० च्या, काही २१ व्होल्टच्या असतात. शाफ्टची लांबी आणि आकारही जुळवा. बदलण्याचं काम मेकॅनिकलाच द्या. प्लग काढल्यावरही आतल्या हाय-व्होल्टेज कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.