आई-बाबांनी बाहेर का थांबायचं?

‘पालकांनी बाहेर थांबावं, मूल एकटंच मोकळं बोलतं’ हे मुलांच्या समुपदेशनावरच्या लेखातलं वाक्य मला अर्धंच पटलं. आमचा मुलगा ९ वर्षांचा. आजोबा गेल्यापासून सकाळी शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला की त्याचं पोट दुखायचं. सोनोग्राफी झाली, इथे इंदूरच्या रामबागेतल्या शेजारच्या काकूंनी दृष्टसुद्धा काढली. पहिल्या समुपदेशकाकडे सहा वेळा गेलो, दर वेळी आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर मोबाइल चाळत. फरक शून्य.

दुसऱ्या बाईंनी तिघांनाही आत घेतलं. त्याला घराचं चित्र काढायला सांगितलं. त्याने मधोमध आजोबांची आरामखुर्ची काढली, रिकामी, आणि आम्ही कागदाच्या दोन टोकांना! तो रडेल म्हणून घरात आजोबांचं नावच आम्ही काढत नव्हतो. कुटुंबोपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ साल्वादोर मिनुचिन यांनी १९७० च्या दशकात हेच तर मांडलं: लक्षण मुलात दिसतं, बघायचं मात्र सगळ्या घराकडे. आणि इंदूरकरांनो, मूल आजीशी मराठी बोलत असेल तर समुपदेशकाकडे मराठी चालते का, ते आधी विचारा. आमच्या पठ्ठ्याला ‘कसंतरी होतंय’ला हिंदी शब्दच सापडत नव्हता.