गुरूवर शंका घेणे पाप आहे का?

गुरुपौर्णिमा जवळ आली की एक संदेश फिरू लागतो. त्यात म्हटलेले असते की हिंदू परंपरेत गुरूची आज्ञा अंतिम असते, तिच्यावर शंका घेणे पाप आहे, आरुणीसारखे निमूट पाळणे हाच शिष्यधर्म आहे आणि एकदा केलेला गुरू सोडता येत नाही. गुरूविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हा संदेश खटकतो. परंपरेच्या नावाने तो जे सांगतो, ते परंपरेच्या ग्रंथांत टिकत नाही.

आधी शंकेचे पाहू. ज्ञान कसे मिळवावे हे सांगताना गीतेच्या चौथ्या अध्यायात कृष्ण प्रणिपात म्हणजे नमस्कार, परिप्रश्न म्हणजे खोलात जाऊन प्रश्न विचारणे, आणि सेवा अशी तीन साधने सांगतो. संदेशात यातला परिप्रश्नच नेमका गळतो. अठराव्या अध्यायात, सगळा उपदेश झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग 'यथेच्छसि तथा कुरु', तुला वाटेल तसे कर, असेही तो अर्जुनाला म्हणतो. 'मामेकं शरणं व्रज', मला एकट्याला शरण ये, हे येते खरे, पण ही मोकळीक देऊन झाल्यावर.

याहून स्पष्ट कथा छांदोग्य उपनिषदात आहे. आत्मा जाणून घ्यायला देवांकडून इंद्र आणि असुरांकडून विरोचन प्रजापतीकडे गेले. 32 वर्षे राहिल्यावर प्रजापतीने त्यांना पाण्यातले स्वतःचे प्रतिबिंब पाहायला लावले आणि हाच आत्मा, असे सांगितले. विरोचन समाधानाने परतला आणि देहालाच पुजा, असे असुरांना शिकवू लागला. इंद्राचे पाऊल मात्र वाटेतच अडखळले. देह आंधळा झाला तर हा आत्माही आंधळा होईल, देह गेला तर हाही जाईल, मग यात मिळवले काय? तो मागे फिरला. प्रजापती रागावला नाही. तुझे म्हणणे बरोबर आहे, असे म्हणून त्याने इंद्राला आणखी 32 वर्षे ठेवून घेतले. असा इंद्र तीनदा शंका घेऊन परत आला आणि एकूण 101 वर्षे राहिला. खरे ज्ञान त्यालाच मिळाले. गुरूचे पहिले वाक्य निमूट मानणारा शिष्य या कथेत विरोचन आहे!

आता आरुणी. बांधावर आडवा पडून पाणी अडवणाऱ्या या शिष्याची गोष्ट महाभारताच्या आदिपर्वात आहे. पण धौम्यांचे शिष्य तीन होते, आरुणी, उपमन्यू आणि वेद, आणि तिसऱ्याचे पुढे काय झाले हे कोणी पाठवत नाही. वेदाने गुरुघरी बैलासारखे ओझे ओढले, थंडी-ऊन, भूक-तहान सोसली. पुढे तो स्वतः गुरू झाला तेव्हा, गुरुकुलातले दुःख ठाऊक असल्यामुळे, आपल्या शिष्यांना कष्ट द्यायची त्याला इच्छाच झाली नाही. आरुणीची आज्ञाधारकता जपायची तर वेदाची ही करुणा का विसरायची?

गुरू सोडता येत नाही, हे तर सपशेल चूक. अंबेच्या प्रकरणात भीष्म आपल्या गुरूशी, परशुरामांशी लढले. गर्वाने फुगलेल्या, कार्याकार्य न जाणणाऱ्या, आडमार्गाला लागलेल्या गुरूचाही त्याग करावा, हे वचन त्याच प्रसंगी त्यांच्या तोंडी येते. मधाच्या ओढीने भुंगा फुलामागून फूल शोधतो तसे शिष्याने एका गुरूकडून दुसऱ्याकडे जावे, असे कुलार्णव तंत्र सांगते. आणि समर्थ? दासबोधाच्या पाचव्या दशकाचा पहिला समास सद्गुरूविना ज्ञान नाही हे ठासून सांगतो, आणि लगेच दुसऱ्या समासात, शिष्याला साधनेला न लावणाऱ्या, इंद्रियदमन न करवणाऱ्या गुरूंबद्दल ओवी येते: 'ऐसे गुरु आडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे'. म्हणजे असे गुरू क्षुल्लक नाण्याला तीन मिळाले तरी सोडावेत. पहिला समास ज्यांना पाठ असतो, त्यांनी दुसराही वाचावा.

मग 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' या श्लोकाचे काय, असे विचारले जाईल. तो श्लोक मीही श्रद्धेने म्हणतो. पण ती शिष्याने केलेली स्तुती आहे. गुरूने ती हक्क म्हणून मागायची नसते. मुंडकोपनिषद गुरूकडे जायला सांगते तेव्हा तो श्रोत्रिय म्हणजे वेद जाणणारा आणि ब्रह्मनिष्ठ म्हणजे ब्रह्मात स्थिर असलेला असावा, अशी अटही घालते. आणि तैत्तिरीय उपनिषदात विद्या पूर्ण झालेल्या शिष्याला निरोप देताना आचार्य स्वतः सांगतात: आमची जी चांगली आचरणे असतील तेवढीच तू अनुसर, इतर नव्हेत.